वर्गातील गोणपाट उचलू या

(विद्यार्थी दिवसानिमित्त संस्थेच्या वतीने बुद्धविहारात भरविलेल्या शिक्षक-पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात ‘वर्ग आनंदी आणि आपुलकीचा कसा होईल’ या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरविले. वास्तविक मी शिक्षक नाही. मी कला शाखेचा साधा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. दिवसभर काउंटरमागे बसून पासबुके भरणे, पैसे काढण्याच्या स्लिपा तपासणे हे माझे काम. समोर बसलेल्या गुरुजनांनी बी.एड., डी.एड. केलेले आहे, वीस-वीस वर्षे खडू झिजविलेला आहे. त्यांच्यापुढे कारकुनाने शिकविण्याविषयी बोलावे हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु याच विहारात २०१२ सालापासून संध्याकाळची अभ्यासिका चालविताना जे चुकत-माकत शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवावे म्हणून उभा राहिलो आहे.

मित्रहो, बँकेच्या काउंटरवर एक गोष्ट रोज दिसते. ज्याला फॉर्म भरता येत नाही तो माणूस रांगेत उभाच राहत नाही. तो भिंतीला टेकून उभा असतो. हातात पासबुक असते, खात्यात पैसे त्याचेच असतात, तरीसुद्धा तो पुढे येत नाही. कुणीतरी खेकसेल, चारचौघांत ‘एवढेही येत नाही का?’ म्हणेल, ही त्याला धास्ती. आपण मान वर करून ‘या मावशी, काय काम होते?’ एवढे म्हटले, की ती बाई पुढे येते आणि काम पाच मिनिटांत होते. वर्षानुवर्षे हे पाहून माझी अशी खात्री झाली आहे, की माणूस अडतो तो अक्षरावर कमी आणि अपमानाच्या भीतीवर जास्त. आपल्या वर्गातही असे भिंतीला टेकून उभे असलेले मूल असते. ते बाकावर बसलेले असते, म्हणून आपल्याला दिसत नाही इतकेच.

आज ७ नोव्हेंबर. १९०० साली याच तारखेला नऊ वर्षांच्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ सालापासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळावयास सुरुवात केली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या मुलाला शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे वर्गात जागा मिळाली असे झाले नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. हुशारीप्रमाणे इतर मुलांच्या ओळीत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात एकट्याने बसावे लागे. बसावयास गोणपाटाचा तुकडा असे, तो शाळेचा झाडूवाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी पुन्हा आणावयाचा. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. मास्तरांची परवानगी पाहिजे, आणि शिपायाने नळ सोडला पाहिजे. शिपाई नसला तर पाणी नाही.

नाव हजेरीपटावर आणि मूल कोपऱ्यात, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आजच्या दिवसाने विसरू नये. तो गोणपाट आज राहिला नाही. कायद्याने, संविधानाने आणि बाबासाहेबांच्या संघर्षाने तो उचलला गेला. आज आपली मुले सर्वांबरोबर बाकावर बसतात. मग माझे भाषण येथेच संपावयास हवे होते. परंतु काही गोणपाट डोळ्यांना दिसत नाहीत. तोंडातल्या शब्दांतून, हजेरी घेण्याच्या पद्धतीतून, फळ्यावरच्या यादीतून ते हळूच अंथरले जातात. आणि अंथरणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. १९९१-९२ साली मी तालुक्याच्या एका शाळेत सातवीत होतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले, की एक शिक्षक वर्गात येऊन मोठ्याने म्हणत, ‘सवलतीवाले उभे राहा.’ आम्ही नऊ जण उभे राहत असू. मग मोजदाद होई, एकेकाचा जातीचा दाखला आणला की नाही याची विचारणा होई, आणि तोवर बाकीचा वर्ग आमच्याकडे पाहत असे. त्या शिक्षकांच्या मनात काही वाईट होते असे आज मला वाटत नाही. त्यांना फक्त यादी लवकर पुरी करावयाची होती. परंतु त्या दहा मिनिटांनंतर त्या दिवशी मी एकाही प्रश्नाला हात वर केला नाही, हे मला पक्के आठवते. उत्तर येत असूनसुद्धा केला नाही.

हे केवळ माझ्या मनाचे खेळ होते काय? पुढे पुष्कळ वर्षांनी एका प्रयोगाची माहिती माझ्या वाचनात आली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक महिलांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. त्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. जात कुणालाच सांगितली नाही, तेव्हा वरच्या जातीची मुले आणि दलित मुले जवळजवळ सारखीच कोडी सोडवीत होती. परंतु सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखविली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच, डोकी तीच आणि कोडीही तीच. फक्त एक घोषणा झाली होती. बंधू-भगिनींनो, तो अहवाल वाचताना मला माझ्या सातवीच्या वर्गातली ती दहा मिनिटे आठवली.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्याच चुका सांगणे बरे नव्हे. अभ्यासिका सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांत चुरस निर्माण व्हावी म्हणून मी दर महिन्याला चाचणी घेऊ लागलो आणि गुणांची यादी विहाराच्या भिंतीवर लावू लागलो. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सर्वांची नावे. पहिल्या पाच जणांना फार आनंद झाला. शेवटच्या क्रमांकावर नववीतला एक मुलगा होता, सलग तीन महिने. चौथ्या महिन्यात तो येईनासा झाला. मी म्हटले, आळशी आहे, येईल. दोन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो. आई धुणीभांडी करून आली होती, वडील नाक्यावर कामाच्या शोधात गेलेले होते आणि हा मुलगा एका गॅरेजमध्ये पाने-पक्कड उचलून देण्याच्या कामाला लागला होता. शाळाही सुटली होती. मी त्याला समजावू लागलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘काका, तिथं भिंतीवर माझं नाव आहे ना. माझी आई वंदनेला येते, ती वाचते.’

मित्रहो, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, त्यांचेच नाव घेऊन मी एका मुलासाठी गोणपाट अंथरला होता. त्या दिवसापासून मी शिकविण्यापेक्षा शिकू लागलो. शिक्षक मित्रांना विचारले, वाचनालयातून पुस्तके आणली, चुकत-सुधारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आता क्रमाने सांगतो. यात पैसे लागतील असे जवळजवळ काहीच नाही.

पहिली गोष्ट नावाची. नवीन वर्ष सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यात वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव शिक्षकाला तोंडपाठ असावे, आणि हाक नावाने मारावी, आडनावाने नव्हे. आपल्याकडे आडनाव म्हणजे पुष्कळदा जातीची पाटीच असते. ‘ए काळ्या’, ‘ए जाड्या’, ‘ए शेवटच्या बाकावरच्या’ अशी हाक शिक्षकाने एकदा मारली, की वर्ग ती वर्षभर मारतो. मी अभ्यासिकेत दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने ‘ये’ म्हणतो. तीस मुलांना तीन मिनिटे लागतात. परंतु त्या तीन मिनिटांत कोण रडून आला आहे, कोण उपाशी आहे, हे चेहऱ्यावर कळते.

दुसरी गोष्ट, खासगी बाब खासगीत. शिष्यवृत्ती, थकलेली फी, जातीचा दाखला, फाटलेला गणवेश, यांतील कोणताही विषय वर्गासमोर काढू नये. आता शिष्यवृत्तीची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. तेव्हा ‘उभे राहा’ म्हणण्याचे काही कारणच उरलेले नाही. चिठ्ठी लिहून दप्तरात द्यावी, पालकाला बोलवावे, मधल्या सुटीत बाजूला घेऊन सांगावे. कामाला वेळ थोडा जास्त लागेल, परंतु मुलाचा दिवस वाचेल.

तिसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. पुढे हुशार, मागे ‘ढ’, ही व्यवस्था शाळेत आपोआप तयार होते आणि वर्षभर टिकते. दर सोमवारी बाक बदलावेत. एक ओळ पुढे, एक ओळ मागे, आणि जोडीदारही नवा. जूनपासून मार्चपर्यंत प्रत्येक मूल प्रत्येकाजवळ एकदा तरी बसले पाहिजे. सुरुवातीस कुरकुर होते, काही पालकही तक्रार घेऊन येतात. अशा वेळी शिक्षकाने नम्रपणे परंतु ठामपणे सांगावे, की वर्गाचा हा नियम सर्वांना सारखा आहे.

नुसते शेजारी बसवून मात्र भागत नाही. एकमेकांची गरज वाटली पाहिजे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात १९७१ साली काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शाळेत बसविले, तेव्हा वर्गावर्गांत भांडणे होऊ लागली. तेथे एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. धड्याचे पाच-सहा भाग करावयाचे, पाच-सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकच भाग द्यावयाचा. त्याने तो नीट समजून घेऊन गटातील इतरांना शिकवावयाचा आणि परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. मग ज्याच्याशी कुणी बोलत नसे, त्याचे बोलणे सर्वांना कान देऊन ऐकावे लागे, कारण तो भाग फक्त त्याच्याच जवळ असे.

हे आम्ही येथे महाडच्या सत्याग्रहावर करून पाहिले. एकाला १९२३ चा बोले ठराव दिला, दुसऱ्याला मार्च १९२७ ची महाडची परिषद, तिसऱ्याला २० मार्चचा चवदार तळ्यापर्यंतचा मोर्चा आणि पाणीप्राशन, चौथ्याला २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन, पाचव्याला १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. न्यायालयाचा भाग आला तो सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलीकडे. पहिले पाच मिनिटे ती नुसती वही चाळत राहिली. परंतु गटातील मुले ‘मग निकाल काय लागला ते सांग ना’ म्हणून मागेच लागली. ती बोलली आणि त्या दिवसापासून बोलतेच आहे. आता तिला ‘जरा थांब’ म्हणावे लागते, ही माझी आनंदाची तक्रार आहे.

चौथी गोष्ट प्रश्न विचारून थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. त्यांना असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच वाट पाहतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणावे एवढेच. करून पाहा, फार जड जाते! मी पूर्वी पटकन ‘चल, बस खाली’ म्हणून टाकीत असे. आता आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू देतो, मग विचारतो. चारचौघांत बोलण्याआधी एकासमोर बोलून झाले, की भीती निम्मी होते. आणि उत्तर चुकले तर ‘चूक’ म्हणून पुढे न जाता ‘हे तू कसे काढलेस, सांग बरे’ असे विचारावे. पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्या बरोबर असतात. त्या बरोबर आहेत हे त्याला कुणी तरी सांगितले पाहिजे.

पाचवी गोष्ट भाषेची. घरी ‘पानी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ बोलणारे मूल वर्गात तसे बोलले की वर्ग हसतो, आणि दुर्दैवाने कधी कधी शिक्षकही हसतात. प्रमाण भाषा शिकविली पाहिजे यात शंका नाही. स्पर्धा परीक्षेत तीच लागणार आहे. परंतु आईची भाषा म्हणजे अशुद्ध भाषा, असे मुलाला वाटू लागले, की ते आईलाच कमी लेखू लागते, नाही तर शाळा टाळू लागते. फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूस घरचा शब्द, दुसऱ्या बाजूस पुस्तकातला. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, ज्याची जी असेल ती लिहावी. मुले हौसेने शब्द आणतात आणि पुस्तकातला शब्दही आपोआप पक्का होतो.

सहावी गोष्ट कामाच्या वाटणीची आणि पाण्याची. वर्ग कोण झाडतो, पाण्याचे पिंप कोण भरतो, शालेय पोषण आहार कोण वाढतो आणि पाहुणे आले की स्वागताचा हार कुणाच्या हाती देतात? शिक्षकांनी एक महिना हे वहीत लिहून पाहावे. जर झाडू नेहमी त्याच दोन-तीन मुलांच्या हाती आणि हार नेहमी दुसऱ्याच दोन-तीन मुलांच्या हाती दिसला, तर गोणपाट अजून तेथेच आहे असे समजावे. उपाय सोपा आहे. हजेरीच्या क्रमाने सर्व कामांची पाळी लावावी आणि ती भिंतीवर लिहावी. झाडण्यापासून प्रार्थनेपर्यंत सर्व कामे, मुलगे-मुली सर्वांना, आणि शिक्षकांनीही पाळीत आपले नाव घालावे. मास्तर स्वतः केर काढताना दिसले, की झाडूची जात संपते.

सातवी गोष्ट मागे पडलेल्या मुलाची. आपणां सर्वांना चूळपंथकाची कथा ठाऊक आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथासुद्धा पाठ झाली नाही, म्हणून त्याच्या सख्ख्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जावयास सांगितले. तो रडत निघाला असता तथागतांनी त्याला थांबविले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही, की रागे भरले नाहीत. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हाती देऊन ते चोळीत राहावयास सांगितले. चोळता चोळता ते मळले आणि त्या मळलेल्या वस्त्राकडे पाहून चूळपंथकाला अनित्यतेचा बोध झाला. मला या कथेत अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक थोर शिक्षक दिसतो. एका मार्गाने जमले नाही, तर मुलगा ‘ढ’ ठरत नाही. मार्ग बदलावा लागतो. ज्याला पाढे पाठ होत नाहीत त्याला दुकानाचा हिशेब द्या, बसच्या तिकिटांची बेरीज द्या, हाताने करावयाचे काही द्या. भावाने परीक्षा घेतली आणि तथागतांनी शिकविले. आपण या दोघांपैकी कोण होतो आहोत, हे ज्याचे त्याने पाहावे.

आठवी आणि शेवटची गोष्ट गैरहजर मुलाची. सलग तीन दिवस मूल आले नाही, तर चौकशी झालीच पाहिजे. या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम डोळ्यांपुढे ठेवावे. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात असतात, म्हणून कुरणात शाळा भरविली आणि तिचे नाव कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने दोन पावले पुढे जावे, हा त्यांचा साधा विचार होता. मी त्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी गेलो असतो तर काय झाले असते, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही. मी दोन महिन्यांनी गेलो.

शिक्षकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. नाही तर मी अन्याय केला असे होईल. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण त्यात सांगितले आहे. आपल्या वस्तीतील काही वर्गांत प्रत्यक्षात किती मुले बसतात, हे येथील पालकांना चांगले ठाऊक आहे. शिवाय निवडणुकीचे काम, जनगणना, नाना प्रकारची माहिती भरणे. त्यातून शिक्षकाने तीन सेकंद तरी कोठून काढावेत? म्हणून पालकांनी नुसती तक्रार न करता शाळा व्यवस्थापन समितीत बसावे, शिक्षकांच्या रिक्त जागांसाठी अर्ज-विनंत्या कराव्यात. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींवर बंदी घातलेली आहे. छडीला बंदी आहे हे सर्वांना ठाऊक असते. जिभेच्या छडीलाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि शिक्षकाचे सामर्थ्य केवढे असते! क्रांतिज्योती सावित्रीमाई आणि क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. रस्त्याने जाताना अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून सावित्रीमाई जादा लुगडे बरोबर नेत. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने मांग-महारांच्या दुःखाला वाचा फोडली. त्या काळी त्या मुलीला एवढा प्रश्न विचारण्याचे धैर्य कोठून आले असेल? ज्या वर्गात प्रश्न विचारता येतो, त्याच वर्गातून. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण तर मागितलेच, शिवाय मुलांपासून अंतर राखून वागणाऱ्या शिक्षकांऐवजी त्यांच्यात मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे शिक्षक असावेत, असाही आग्रह धरला.

बाबासाहेबांच्या बाबतीतही असेच घडले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक वाचीत बसणारा एक मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. त्यांनी आपणहून विचारपूस केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९५६ साली नागपूरला जे झाले, त्याच्या मुळाशी असलेल्या अनेक गोष्टींपैकी ही एक आहे. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याकडे थांबून पाहिले होते.

आमच्याही शाळेत असे एक मराठीचे शिक्षक होते. ‘सवलतीवाले’ म्हणून आम्हांला उभे केले त्याच आठवड्यात त्यांनी मला वर्गाच्या पुस्तकपेटीची किल्ली दिली. म्हणाले, ‘उद्यापासून पुस्तके तू द्यायची आणि तूच नोंद ठेवायची.’ त्यांनी हे मुद्दाम केले की सहज, मला माहीत नाही. पण ज्या वर्गाने मला उभा असलेला पाहिला होता, तोच वर्ग दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे रांग लावू लागला. ती नोंदवही मी फार नेटकी ठेवीत असे. आज बँकेत नोंदी करताना कधी कधी वाटते, की माझी नोकरी त्या किल्लीने लागली आहे.

आता त्या मुलाचे काय झाले, हे आपण विचाराल. तो अभ्यासिकेत परत आला नाही. मी तीन-चार वेळा गेलो, पण आला नाही. त्याने गॅरेज सोडले नाही, मात्र पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आणि दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. पेढे द्यावयास तो माझ्या घरी आला, विहारात आला नाही. गेल्या वर्षी त्याने आपल्या धाकट्या बहिणीचे नाव अभ्यासिकेत घातले. दारात सोडावयास आला, आत भिंतीकडे एकवार पाहिले आणि मला म्हणाला, ‘आता यादी लावत नाही ना काका?’ मी म्हटले, ‘नाही रे बाबा.’ आता भिंतीवर कामाच्या पाळीचा तक्ता आहे. त्यात तिचे नाव आहे आणि माझेही आहे. चाचणीचे गुण प्रत्येकाच्या वहीत लिहिले जातात, मागच्या महिन्याच्या त्याच्याच गुणांशेजारी.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक विनंती आहे. वर्ग आपुलकीचा करण्याचे काम एकट्या शिक्षकांचे नाही. चुकलेल्या उत्तराला हसणारे तुम्हीच असता, आणि डबा उघडताना कुणाला बोलवावयाचे ते ठरविणारेही तुम्हीच. उद्या शाळेत गेल्यावर ज्याच्याशी वर्षभर बोलला नाहीत, अशा एकाशी बोला. एवढे केलेत तरी आजचा विद्यार्थी दिवस साजरा झाला असे मी मानीन.

उपस्थित गुरुजनांना मी हात जोडून एवढेच सांगतो, की या आठ गोष्टींपैकी एकच निवडा आणि सोमवारपासून सुरू करा. जमले तर पुढच्या मेळाव्यात येथे येऊन सांगा, आणि जमले नाही तर तेही सांगा. आम्हीही आमचे सांगू.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमस्व. 

जय भीम! नमो बुद्धाय!